आईच्या गुडघ्यात कोणतं इंजेक्शन द्यावं? आधी दुखतंय कुठे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय 64, वजन 78 किलो, डायबेटिस बऱ्याच वर्षांचा. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टवर 'ग्रेड 3' असं लिहिलंय. एका हाडांच्या डॉक्टरांनी 'आज ना उद्या सांधा बदलावा लागेल' असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी 'ऑपरेशनची गरजच नाही, तीन इंजेक्शनांत गादी पुन्हा तयार होते' असं सांगून पॅकेजचा कागद हातात दिला. आई ऑपरेशनच्या नावानेच घाबरते. मुलाने विचारलंय की इंजेक्शन घ्यावं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

मी भूलतज्ज्ञ म्हणून सुरुवात केली आणि पुढे वेदनाचिकित्सेकडे वळलो. गुडघ्यात इंजेक्शन देणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून सरळ सांगतो. तुमच्या आईला इंजेक्शनाचा उपयोग होऊ शकतो, पण 'गादी तयार होते' असं सांगून जे विकलं जातंय त्याचे पैसे देऊ नका. झिजलेली कूर्चा, म्हणजे ज्याला आपण गादी म्हणतो ती, गुडघ्यात टोचून पुन्हा भरून आणता येते असं कोणत्याही इंजेक्शनाबाबत खात्रीने सिद्ध झालेलं नाही. इंजेक्शनाने मिळते ती मुदत. काही आठवडे, कधी काही महिने दुखणं उतरतं. त्या मुदतीत मांडीचे स्नायू कमावले, थोडं वजन उतरवलं, चालण्याची भीती गेली, तर दिलेले पैसे कारणी लागतात. यातलं काहीच झालं नाही, तर मुदत संपल्यावर गुडघा होता तिथेच असतो.

इंजेक्शन कोणतं हे ठरवण्याआधी दुखतंय नक्की कुठे ते बघावं लागतं. आईला सांगा, 'एका बोटाने दाखव.' बऱ्याच बायका सांध्याच्या फटीवर बोट न ठेवता आतल्या बाजूला, गुडघ्याच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, नडगीच्या हाडावर ठेवतात. तिथे मांडीचे तीन स्नायूबंध येऊन चिकटतात आणि त्यांच्याखाली एक छोटी पिशवी असते. वजन जास्त आणि सोबत डायबेटिस असलेल्या बायकांमध्ये ही पिशवी सुजणं अगदी नेहमीचं आहे. एक्स-रेमध्ये ती दिसत नाही. एक्स-रेमध्ये दिसते झीज, आणि मग सगळा दोष झिजेच्या माथी मारला जातो. सांध्याच्या आत महागडं जेल सोडून या पिशवीचं दुखणं जाणार नाही. तिथे थोडं औषध नेमक्या जागी दिलं की पुष्कळदा काम होतं.

दुसरं, खुबा आणि कंबर तपासली आहे का? खुब्याचा सांधा खराब असला तरी दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. झोपवून पाय खुब्यात आत-बाहेर फिरवला की दोन मिनिटांत अंदाज येतो, पण घाईच्या ओपीडीत हे राहून जातं. सकाळी उठल्यावर गुडघे तासभर आखडलेले राहत असतील आणि हाताची बोटंही सुजत असतील, तर ही साधी झीज नसून वाताचा वेगळा आजार असू शकतो. त्याचा इलाज सुईने होत नाही, गोळ्यांनी होतो.

एक्स-रे उभं राहून काढलेला आहे ना, हेही बघा. झोपून काढलेल्या फिल्ममध्ये गुडघ्यावर भार नसतो आणि फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. 'ग्रेड 3' ही प्रतवारी 1957 पासून वापरात आहे. तिच्यात 4 म्हणजे हाडाला हाड लागलेलं. पण फिल्मवरचा ग्रेड आणि माणसाचं दुखणं यांचा मेळ फार ढिला असतो. ग्रेड 4 घेऊन शेतात राबणारी माणसं आहेत आणि ग्रेड 2 असूनही जिना चढू न शकणारी आहेत. कागदावरचा आकडा दाखवून कोणी घाबरवत असेल तर हे लक्षात ठेवा.

आता एकेक इंजेक्शन घेऊ.

स्टेरॉइडचं इंजेक्शन सगळ्यात जुनं. सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन देण्याचा अनुभव 1951 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून ते चालत आलं आहे. आज ट्रायॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात, साधारण 40 मिलिग्रॅम. औषध स्वस्त आहे, म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही. गुडघा सुजलेला असेल, हाताला गरम लागत असेल, आत पाणी झालं असेल, तर त्या काळात याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. आधी पाणी काढायचं, ते गढूळ असेल तर तपासायला पाठवायचं आणि औषध थांबवायचं, स्वच्छ असेल तर त्याच सुईतून औषध सोडायचं. दोन-तीन दिवसांत फरक पडतो. टिकतो काही आठवडे. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2022 च्या मार्गदर्शनात हा आराम 2 ते 10 आठवड्यांचा धरला आहे, आणि माझ्या रुग्णांतही साधारण तेच दिसतं.

मग दर तीन महिन्यांनी घेत राहिलं तर? हे करून पाहिलेलं आहे. 2017 मध्ये अमेरिकेत 140 रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दर 12 आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम ट्रायॅमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं सलाइन, म्हणजे औषध नसलेलं मिठाचं पाणी, असं दोन वर्षं चाललं. शेवटी दुखण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, पण कूर्चेची जाडी स्टेरॉइडवाल्यांमध्ये 0.21 मिलिमीटरने घटली होती आणि सलाइनवाल्यांमध्ये 0.10 मिलिमीटरने. म्हणून सूज आली असताना एखादं इंजेक्शन घ्यायला हरकत नाही, कॅलेंडर लावून घेत राहू नये.

तुमच्या आईच्या बाबतीत डायबेटिस हा मोठा मुद्दा आहे. गुडघ्यात दिलेलं स्टेरॉइड रक्तात उतरतं आणि पुढचे काही दिवस साखर चढते, कधी चांगलीच. इंजेक्शनाआधी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c ही रक्ततपासणी) बघा. ती फारच वर असेल तर आधी ती खाली आणा. इंजेक्शनानंतर आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने रोज साखर तपासा आणि गोळ्या किंवा इन्सुलिन कसं वाढवायचं हे आपल्या फिजिशियनना आधीच विचारून ठेवा. आणखी एक गोष्ट, जी सांगायची राहते आणि महागात पडते: पुढच्या तीन महिन्यांत सांधेबदल करायचं ठरत असेल तर त्या गुडघ्यात स्टेरॉइड घेऊ नका. इंजेक्शन आणि ऑपरेशन यांच्यातलं अंतर कमी असलं की नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

'वंगणाचं इंजेक्शन' किंवा 'जेल' म्हणतात ते हायलुरॉनिक अ‍ॅसिड. निरोगी गुडघ्यातल्या द्रवाला जो चिकटपणा असतो तो याच पदार्थामुळे. झिजलेल्या गुडघ्यात तो पातळ होतो, म्हणून बाहेरून भरायचा. कल्पना पटण्यासारखी आहे, आणि म्हणूनच ती इतकी विकली गेली. पण टोचलेलं जेल सांध्यात महिनोन्महिने साठून राहत नाही. साधं असेल तर काही दिवसांत निघून जातं, घट्ट केलेलं असेल तर थोडं जास्त टिकतं. 2022 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 169 चाचण्या आणि 21 हजारांहून जास्त रुग्ण एकत्र धरून केलेला आढावा आला. सलाइनच्या तुलनेत दुखणं 100 च्या मोजपट्टीवर 2 ने कमी, एवढाच फरक निघाला. दोन म्हणजे माणसाला जाणवतही नाही. 'नाइस'ने तर हे देऊच नका असं म्हटलं आहे. सुरुवातीच्या झिजेत, जिथे स्टेरॉइड देता येत नाही, अशा एखाद्या रुग्णाला मी अजून देतो, पण आधी हे सगळं सांगून. ग्रेड 3, वजन 78 किलो, असं असताना मी तुमच्या आईला सुचवणार नाही. आणि घरात शाकाहार कडक पाळत असाल तर बाटलीवरचं वाचा. काही ब्रँड कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात, काही जिवाणूंच्या साहाय्याने बनवतात. अंड्याची किंवा कोंबडीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर हे विचारलंच पाहिजे.

आता पीआरपी, म्हणजे 'प्लेटलेट-रिच प्लाझ्मा'. तुम्हाला दिलेल्या पॅकेजमधली तीन इंजेक्शनं बहुधा हीच असावीत, कारण सध्या प्रत्येक तालुक्याच्या गावात याचे फलक लागले आहेत. रुग्णाचंच रक्त काढतात, यंत्रात फिरवतात, तांबड्या पेशी खाली बसतात आणि वरच्या भागातून प्लेटलेट्सचा दाट अंश घेऊन गुडघ्यात सोडतात. प्लेटलेट्समध्ये वाढीला मदत करणारी प्रथिनं असतात, ती सांध्यातला दाह शमवतात, अशी त्यामागची धारणा आहे.

पुरावा मात्र दोन्हीकडे झुकलेला आहे आणि मला तो तसाच तुमच्यासमोर ठेवायचा आहे. चंदीगडच्या पीजीआयमध्ये झालेला आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याकडचा, म्हणून जवळचा. 78 रुग्ण, 156 गुडघे. पीआरपी मिळालेल्यांना सलाइनवाल्यांपेक्षा स्पष्टपणे बरं वाटलं. एक इंजेक्शन आणि दोन इंजेक्शनं यांत फारसा फरक पडला नाही, आणि सहा महिन्यांच्या सुमारास तो आराम ओसरू लागला. त्यानंतर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातला 288 जणांचा अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शनं देऊन वर्षभर पाहिलं, तर दुखण्यातही फरक नाही आणि एमआरआयवर कूर्चेतही फरक नाही. पीआरपीच्या बाजूचे लोक म्हणतात की त्या अभ्यासात प्लेटलेट्स पुरेशा दाट नव्हत्या. या म्हणण्यात तथ्य असू शकतं, पण मग हाच प्रश्न आपल्या गावातल्या दवाखान्यालाही विचारायला हवा. रक्त किती काढता? त्यातून निघालेल्या द्रवात प्लेटलेट्स मोजता का? बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. बाटलीत काय आहे हे देणाऱ्यालाच ठाऊक नसेल, तर त्याची किंमत कशावर ठरली?

ग्रेड 2, कधी ग्रेड 3, वय पन्नाशीच्या आसपास, पाय सरळ, वजन आटोक्यात, असा रुग्ण असेल तर मी पीआरपीचा विचार करतो. फरक पडायला महिना-दीड महिना लागतो. पहिले दोन-तीन दिवस गुडघा उलट जास्त ठणकतो. त्या काळात दाहशामक वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नसतात, आणि इंजेक्शनाआधीही काही दिवस बंद ठेवायच्या असतात. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. पीआरपीसाठी हृदय धोक्यात घालण्याचं काहीच कारण नाही. साखर वाढत नाही, ही याची जमेची बाजू.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर 'शेजारच्या काकूंना तर फरक पडला' याचं उत्तर मिळत नाही. वरच्या बहुतेक अभ्यासांत नुसत्या सलाइनचं इंजेक्शन घेतलेल्यांनाही बरं वाटलं होतं. गुडघ्याचं दुखणं भरती-ओहोटीसारखं चालतं आणि माणूस डॉक्टरकडे येतो तो दुखणं कळसाला पोहोचल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. त्यात कोणीतरी नीट तपासलं, धीर दिला, याचाही वाटा असतो. काकूंचा आराम खोटा नाही. तो त्या औषधामुळेच आला असं मात्र एकट्या काकूंवरून सांगता येत नाही.

स्टेम सेलबद्दल थोडक्यात. 2023 मध्ये अमेरिकेत 470 हून जास्त रुग्णांवर केलेली तीन प्रकारच्या पेशी आणि स्टेरॉइड यांची तुलना प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर एकही पेशी-उपचार त्या स्वस्त स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. पोटाची चरबी किंवा कमरेच्या हाडातला मगज काढून लाखाच्या घरात पैसे घेणाऱ्यांपासून लांब राहा. ओझोन आणि ग्लुकोजच्या इंजेक्शनांचा पुरावाही मला तुमच्या आईला सुचवावा इतका भक्कम वाटत नाही.

मग तुमच्या आईसाठी काय? माझ्या मते तिच्यासारख्या रुग्णासाठी जास्त विचार करण्यासारखा उपचार सांध्याच्या आत नाहीच, सांध्याबाहेरच्या नसांवर आहे. गुडघ्याच्या वेदनेचा निरोप वर नेणाऱ्या बारीक नसा हाडाला लागून जातात. त्यांतल्या तिघी नेहमी निवडल्या जातात: दोन गुडघ्याच्या वर, आत आणि बाहेर, आणि एक खाली आतल्या बाजूला. खालच्या बाहेरच्या बाजूची नस मुद्दाम सोडतात, कारण तिथून पाऊल उचलणारी मोठी नस जवळ आहे. आधी सोनोग्राफी किंवा सी-आर्मखाली (हे पडद्यावर हलता एक्स-रे दाखवणारं यंत्र) या तीन जागी फक्त बधिर करणारं औषध द्यायचं. ही चाचणी. घरी जाऊन आईने त्या काही तासांत मुद्दाम जिना चढावा, स्वयंपाकघरात उभं राहावं, आणि दुखणं किती उरलं ते लिहून ठेवावं. निम्म्याहून जास्त उतरलं तर पुढची पायरी: त्याच जागी सुईच्या टोकाने उष्णता देऊन नस तात्पुरती निकामी करणं. याला रेडिओफ्रीक्वेन्सी म्हणतात. साधारण 80 अंश सेल्सिअस, दीड मिनिट. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये यावरचा पहिला नियंत्रित अभ्यास छापला, 38 रुग्णांचा. त्यानंतर हे जगभर पसरलं.

उपयोग झाला तर बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो, मग नस पुन्हा वाढते आणि गरज वाटली तर परत करता येतं. पायाची ताकद जात नाही. स्टेरॉइडशिवाय करता येतं, त्यामुळे साखरेची भीती नाही. पुढे सांधा बदलायचा झाला तरी याची आडकाठी येत नाही. पेसमेकर असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणारी औषधं असतील तर तीही. खर्च जेलपेक्षा जास्त येतो, हे लपवत नाही, आणि चाचणीत फरक पडला नाही तर पुढे जायचंच नाही. चाचणी न करता थेट 'नस जाळून टाकू' म्हणणाऱ्याकडे करू नका.

आता ज्या कामासाठी ही मुदत घ्यायची ते काम. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी लष्कराच्या दवाखान्यांतल्या 156 जणांना दोन गटांत वाटलं होतं. एका गटाला स्टेरॉइडची इंजेक्शनं, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वर्षाअखेरीस 240 पर्यंतच्या त्रासाच्या मोजपट्टीवर इंजेक्शनवाले सरासरी 55.8 वर होते, फिजिओवाले 37 वर. व्यायामाला कोणी पॅकेज म्हणत नाही, पण आकडे त्याच्या बाजूने आहेत. अडचण एवढीच की दुखत्या गुडघ्याने बाई व्यायाम करू शकत नाही. म्हणून सुई आधी, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरायचा. पुढे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसायचं. सुरुवातीला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावं, मग घरी रोज.

वजनाबद्दल आईला बोल लावू नका. ज्या बाईला चालता येत नाही तिचं वजन वाढणारच. पण एक हिशोब तिला सांगा: वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस. आणि गंमत वाटेल, पण गुडघेदुखीवर अलीकडे ज्या इंजेक्शनाचा ठळक परिणाम दिसला ते पोटाच्या कातडीखाली घ्यायचं आहे. सेमाग्लुटाइड, डायबेटिस आणि वजन उतरवण्यासाठी वापरलं जाणारं औषध. 2024 मध्ये 407 लठ्ठ आणि गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांवरचा अभ्यास आला. 68 आठवड्यांत वजन सरासरी 13.7 टक्के उतरलं आणि 100 च्या मोजपट्टीवर दुखणं जवळजवळ 42 ने उतरलं. नुसत्या इंजेक्शनाच्या नाटकाने, म्हणजे औषध नसलेल्या सुईने, ते 27.5 ने उतरलं होतं. महाग आहे, मळमळ होते, आणि सगळ्यांना चालत नाही. पण डायबेटिस आणि वजन दोन्ही असलेल्या आईसाठी तिच्या फिजिशियनना हे विचारायला हवं.

जमिनीवर मांडी घालून बसणं आणि भारतीय संडास, या दोन गोष्टी आजच बदला. देवपूजेला पाट आणि वर चौरंग, नाहीतर सरळ खुर्ची. संडासावर ठेवायची लोखंडी खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. एवढ्याने काही जणींची रात्रीची ठणक कमी झालेली मी पाहिली आहे.

ऑपरेशनची भीती वाटणं समजू शकतो. पण पाय धनुष्यासारखे वाकले असतील, रात्री झोप मोडत असेल, घराबाहेर पडणं बंद झालं असेल आणि फिल्ममध्ये हाडाला हाड लागलं असेल, तर कोणतीही सुई तो वाकलेला पाय सरळ करणार नाही. अशा बायका इंजेक्शनांत चार-पाच वर्षं घालवतात आणि सत्तरीत, हृदय-मूत्रपिंड कमजोर झाल्यावर टेबलावर येतात. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातल्यापासून सांध्याचा खर्च बराच खाली आला आहे. 'ग्रेड 3' आणि पाय सरळ, अशी आई असेल तर मात्र घाई नाही.

तर या आठवड्यात एवढं करा: उभं राहून एक्स-रे, तीन महिन्यांची साखर, आणि असा डॉक्टर जो गुडघ्याला हात लावून तपासेल. इंजेक्शन ठरलं तर ते स्वच्छ जागी, निर्जंतुक हातमोजे घालून, शक्यतो सोनोग्राफीखाली दिलं जातंय ना हे बघा, आणि औषधाचं नाव, मात्रा, तारीख फाइलवर लिहून घ्या. नंतर दोन दिवस थोडं जास्त दुखलं तर बर्फाने शेका, चालेल. पण गुडघा लाल झाला, तापलेला लागला, फुगत गेला, अंगात ताप भरला, पाय हलवू देईना, तर 'इंजेक्शनाची रिअ‍ॅक्शन असेल' म्हणून सकाळची वाट पाहू नका. डायबेटिसच्या रुग्णात सांध्यातला जंतुसंसर्ग भराभर पसरतो. त्याच रात्री दवाखान्यात न्या आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी गुडघ्यातलं पाणी तपासायला पाठवायला सांगा.